डाव्या स्पीकरची वायर

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार तुझ्या वयाला आहे. आणखी कशाला आहे असा गैरसमज नको.) तुझी तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालते, कारण हे पत्र वाचायला ती लागेल. वहिनीची पाठ कशी आहे? तिला म्हणावं, नव्या घरात खोकी उचलत बसू नकोस, ज्याच्या बदलीपायी ती भरावी लागली त्यालाच उचलू दे. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे आमचे हे खुशाल आहेत, नाना बरे आहेत, आणि मी रागानं नुसती धुमसते आहे. हे फोनवर सांगता येत नाही. एक तर फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. दुसरं म्हणजे फोन नानांच्या हातात असतो आणि मी जमिनीवर पालथी, डोकं भिंत आणि स्पीकर यांच्यामध्ये अडकलेलं, अशी असते. त्या अवस्थेत माणूस भांडू शकत नाही. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच "ऐक, आधी माझं ऐक" असं म्हणता येत नाही.

आधी कात्रीचं घेते. दोन महिन्यांपूर्वी तू नानांना इकडे पोचवायला आलास, बरोबर तो अवाढव्य म्युझिक सिस्टिम घेऊन आलास, आणि नाना त्याशिवाय राहू शकत नाहीत असं सांगितलंस. ठीक. मग स्पीकरच्या वायरींची टोकं काळी पडली आहेत म्हणालास आणि माझ्या मशीनवरची कात्री उचलून ती टोकं कापलीस. तांब्याची तार, आणि माझी कापडाची कात्री! अठरा वर्षांत त्या कात्रीनं मी कागदाचा कपटा कापलेला नाही. आमच्या ह्यांनी लग्नानंतर एकदा तिनं दुधाची पिशवी कापली होती, तेव्हा मी दोन दिवस माहेरी येऊन राहिले होते, तुला आठवत असेल. (तूच समजूत घालून परत पाठवलंस. कात्रीपायी कोणी घर सोडतं का, असं तूच म्हणालास. तेव्हाच ओळखायला हवं होतं की याला कात्री म्हणजे काय ते कळत नाही.) आता तिच्या पात्याला मधोमध दोन खाचा आहेत. परवा एका नवरीच्या पोशाखाचं रेशमी अस्तर कापताना ती बरोबर त्या खाचांशी अडली आणि कापड उंदरानं कुरतडल्यासारखं झालं. नवरी समोर उभी होती. तिच्याकडे बघून मी हसले, आणि मनात तुझं नाव घेतलं. पुढे काय म्हटलं ते लिहीत नाही, वहिनी हे पत्र वाचेल.

बरं, कापलीस ती कापलीस. नवी टोकं पुढच्या खेपेला येऊन लावतो म्हणालास आणि गेलास. ती पुढची खेप अजून यायची आहे. दीड महिना तो सिस्टिम समोरच्या खोलीत मुका उभा होता आणि नाना त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत होते.

नानांचं मी फोनवर तुला नीट सांगितलेलं नाही, कारण ते शेजारीच असतात. दादा, ते इथे राहायला आलेलेच नाहीत. त्यांची सूटकेस अजून पलंगाखाली आहे, कुलूप लावलेली. दोन शर्ट तेवढे बाहेर काढलेत, तेच आलटून पालटून घालतात. कपाटाचे दोन खण मी त्यांच्यासाठी रिकामे केले, कागद अंथरला, ते तसेच आहेत. काय हवं विचारलं की "काही नको". जेवायला वाढलं तर अर्धं ताट झालं की "पुरे". मी शिवणकाम करणारी बाई, माणूस किती उतरला ते मला टेप न लावता कळतं. त्यांच्या पॅन्टी मी दोन महिन्यांत दोनदा कमरेत आत घेतल्या. डॉक्टर म्हणतात, दुखणं काही नाही, मन रमत नाही. अकरा वर्षं मुलाकडे राहिलेल्या बापाचं मन लेकीकडे का रमत नाही, याचं औषध डॉक्टरांकडे नाही. मला भीती वाटते. रागाच्या पत्रात हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. म्हणून ठरवलं, तुझी वाट बघण्यात अर्थ नाही, हा सिस्टिम आपणच बोलता करायचा.

पहिल्या प्रयत्नावर तू फोनवर हसलास. मी ते विसरलेले नाही. नुसती उघडी तार लावली तरी चालते असं तू म्हणालास, "थोडी सोलायची आणि भोकात घालून नट आवळायचा." आता थोडी म्हणजे किती, हे कोण सांगणार? मी माझ्या हिशेबानं सोलली. कापड कापताना आम्ही मापाच्या वर दोन बोटं जास्त ठेवतो, शिलाईच्या आत. त्याला माया म्हणतात. उद्या अंग भरलं तर कपडा सोडता यायला हवा. तशी मी तारेलाही दोन बोटं माया ठेवली. मला काय ठाऊक की स्पीकरचं अंग भरत नाही! स्पीकरच्या मागे वायर जोडायच्या दोन खुंट्या असतात, एक लाल, एक काळी. ती उरलेली तार तिथे पसरली, लाल खुंटीची काळ्या खुंटीला लागली, अ‍ॅम्प्लिफायर खट्‌कन बंद पडला आणि त्याचा तो लाल दिवा माझ्याकडे डोळे वटारून बघत बसला. नाना खुर्चीतून म्हणाले, "शॉर्ट झालं." तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडलेला हा माणूस, मी तार सोलत असताना शेजारीच बसला होता! मी विचारलं, नाना, आधी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तू विचारलं नाहीस." मग तुम्हीच लावा म्हटलं तर हात पुढे करून दाखवला, हात थरथरतो म्हणाले. तेव्हा मला वाईट वाटलं. (हे वाक्य लक्षात ठेव. पुढे लागेल.)

मग तू म्हणालास, बनाना प्लग आण, तारेचा पसारा होणार नाही, घातला की बसला. बाजारामागच्या गल्लीत इलेक्ट्रिकच्या सामानाचं एक दुकान आहे. त्या दुकानदाराला मी शास्त्रज्ञ असं नाव ठेवलं आहे, कारण तो चष्मा कपाळावर ठेवतो आणि साध्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. मी म्हटलं, स्पीकरच्या वायरीला लावायचे प्लग द्या. त्यानं काउंटरवर फडकं अंथरून सोनारासारखे चार प्रकार मांडले. एक केळ्यासारखा फुगीर, तो बनाना. एक दोन दातांचा काट्यासारखा, तो स्पेड. तो नटाखाली सरकवून आवळायचा. एक नुसती पिन. आणि एक असा, जो कशासाठी असतो ते त्यालाही सांगता येईना. शिवाय प्रत्येकात साधा आणि सोन्याचं पाणी दिलेला. सोन्याच्या पाण्यानं काय होतं विचारलं तर म्हणाला, आवाजाला गोलाई येते. अहो, मी जन्मभर लोकांच्या बाह्यांना गोलाई देते आहे, ती सोन्यानं येत नाही, उसवून पुन्हा शिवल्यानं येते! तेवढ्यात तू फोनवर आलास, मी फोन त्याच्या हाती दिला, आणि तुम्ही दोघं वीस मिनिटं तांब्याच्या शुद्धतेवर बोललात. मी स्टुलावर बसून होते. घरी तीन कोट अर्धवट, एकाची बाही टाचणीवर. शेवटी सोन्याच्या पाण्याचे बनाना घेऊन आले.

ते लावण्यात अख्खी दुपार गेली. खुंटीच्या टोकाला भोक आहे, त्यात प्लग घाल, असं तू सांगत होतास, आणि मला भोक दिसत नव्हतं. तू म्हणत होतास ढकल, मी ढकलत होते, नाना म्हणत होते "ढकल म्हणतोय तो". पाऊण तासानं तुला आठवलं की भोकावर प्लास्टिकचं बारीक बूच असतं, ते आधी काढायचं असतं. पाऊण तासानं! पण लागले एकदाचे. दोन्ही स्पीकर वाजले. घर भरून आवाज आला. मी नानांकडे बघितलं. ते रेकॉर्डची एक बाजू पुरी ऐकेपर्यंत बसले, "छान" म्हणाले, आणि वर्तमानपत्र डोळ्यांवर घेऊन झोपले. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. त्या दिवशी तू फोन केला नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. सगळं नीट चाललं की तुझ्यापुरतं ते घर संपलं, हा तुझा जुना स्वभाव आहे. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मी मशीनवर होते आणि नाना आतून म्हणाले, "डावा गेला."

तेव्हापासून माझ्या मागे ही साडेसाती लागली. डावाच. उजवा कधी नाही. नानांच्या खुर्चीशेजारचा डावा स्पीकर, आणि तोही नेमका जेवण झाल्यावर. प्लग बाहेर पडलेला. मी घालायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. तुला कळवलं, तर तू चार वाजता फोन केलास आणि तो सोन्याचा मुलामा जाड असेल, प्लग ढिला बसत असेल, असं व्याख्यान दिलंस. मग रोज चार वाजता फोन. एरवी रविवारी पाच मिनिटं, "औषध घेता ना, बरं, ठेवतो," एवढं बोलणारा तू! वायर म्हटली की तुला तास पुरत नाही. आणि नाना! साडेतीनपासून फोन मांडीवर घेऊन बसतात, चष्मा पुसून ठेवतात. तू बोललास की मला हुकूम सोडतात, "लाल वर, काळी खाली म्हणतोय तो, दिसत नाही का तुला?" मध्येच कुठल्या तरी पावसात खांबावर बसून चाळीस जोड कसे बांधले ते तुला सांगतात, तूही विचारतोस, मग काय झालं, आणि दोघं हसता. इकडे मी पालथी, नाकात धूळ, केसांत जळमट. माझी आठवण तुम्हा दोघांना फोन ठेवताना होते.

यात आमचे हे शांत बसतील तर ते हे कसले. ह्यांचा सगळा जन्म नळांत गेला. ते म्हणाले, प्लग ढिला आहे याचा अर्थ गळती आहे, आणि आट्यांची गळती थांबवायची तर एकच उपाय. मी बाहेर गेले असताना ह्यांनी खुंट्यांच्या सगळ्या आट्यांना आणि प्लगांनाही ती नळाची पांढरी टेप गुंडाळून ठेवली. इतकी सुबक, की बघत राहावं. त्या टेपमधून पाणी जात नाही, वारा जात नाही, आणि वीजही जात नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच उजवाही बंद पडला. "पण थेंबभर तरी गळतंय का बघ," असं हे मलाच सुनावत होते. मी टेप काढायला बसले आणि दाभण मोडला.

मग गेल्या आठवड्यात तू निकाल दिलास, बनाना नको, स्पेडच हवा, नटाखाली आवळला की हत्तीनं ओढला तरी निघणार नाही. पुन्हा शास्त्रज्ञ, पुन्हा फडकं, पुन्हा सोनं. स्पेडच्या दातांमधली फट खुंटीपेक्षा अरुंद निघाली, ती ह्यांनी कानशीनं घासून रुंद केली (तेवढं काम ह्यांनी चांगलं केलं, लिहायला हवं). नट मी स्वतः आवळले. नाना म्हणत होते, "फार घट्ट करू नकोस, आटे जातील." मी ऐकलं नाही, पक्कड लावून आवळले. आणि दादा, सोमवारी डावा बंद! नट ढिला, स्पेड खाली लोंबतोय. मंगळवारी पुन्हा आवळला, बुधवारी पुन्हा ढिला. हत्ती काय, आमच्या घरात मांजरसुद्धा नाही!

शास्त्रज्ञ म्हणतो, आवाजाच्या कंपनानं नट फिरत असेल. ह्यांना वाटतं, दाब कमी आहे. तू म्हणतोस, मी आवळतेच चुकीच्या दिशेनं. अठरा वर्षं मशीनचे स्क्रू फिरवणाऱ्या बाईला तू दिशा शिकवतोस! तेव्हा आज मी आमच्या धंद्यातली युक्ती केली. ट्रायलला खूण करायच्या निळ्या खडूनं नटावर आणि त्यामागच्या पाटीवर एकच सरळ रेघ ओढून ठेवली आहे. नट केसाएवढा फिरला तरी रेघ तुटेल. उद्या बघते हा नट कसा फिरतो ते. आणि फिरला तर माझं तुला निर्वाणीचं सांगणं आहे: एक तर कुठला कनेक्टर ते एका शब्दात, कारण न देता, कळव. नाहीतर गाडी पाठव आणि हा तुझा सिस्टिम घेऊन जा. मला तो डोळ्यांसमोर नको. त्यानं नानांचं काही भलं झालेलं नाही, माझे आठ कोट मात्र अडकले आहेत.

वहिनीला नमस्कार. तुला काही नाही.

तुझी,
पाठीला बाम लावून बसलेली
धाकटी

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. बरं झालं. आज जेवणानंतर डावा पुन्हा गेला. मी जाऊन बघितलं, रेघ तुटली होती, नट पाव फेरा फिरलेला. मी उठून वळले तर नाना वर्तमानपत्र वाचत होते, आणि पानाच्या कडेवर निळा अंगठा उमटलेला. दुसऱ्या कडेवर निळं बोट. मी त्यांचा हात हातात घेऊन पालथा-उलथा बघितला. अजिबात थरथरत नव्हता. वर्तमानपत्रानं कापलं म्हणून मी सोमवारी ज्या अंगठ्याला मलम लावलं होतं, तोच अंगठा. तेच म्हणाले, "फार घट्ट आवळतेस गं. बोटं दुखतात." आणि मग, "नीट वाजला की तो फोन करत नाही." मी मशीनवर जाऊन बसले आणि एका कोटाची डावी बाही उजवीकडे जोडली. रडत होते म्हणून दिसलं नाही. आधी त्यांचा राग आला होता, मग तुझा आला, तो अजून आहे. एवढ्यासाठी मी तीन आठवडे जमिनीवर पालथी पडले!

दुसरी ता. क. तेव्हा वरचं निर्वाणीचं सांगणं रद्द. सिस्टिम इथेच राहील. तू नवे बनाना प्लगच पाठव, जुने टेप खरवडताना खराब झाले. स्पेड पक्का बसतो हे मला कळलं, पण तो सोडवायला नानांच्या बोटांना त्रास होतो. बनाना एका ओढीत निघतो. सोन्याचं पाणी नसलं तरी चालेल. आणि चार वाजता फोन करत जा. मला काही कळलं आहे असं त्यांना तुझ्याकडून कळता कामा नये. काय बिघडलंय ते त्यांनाच विचार, उत्तर ठाऊक असलं तरी लगेच देऊ नकोस, आणि दुरुस्ती झाली म्हणून दोन दिवस गायब होऊ नकोस. जमलं तर एखाद्या शनिवारी ये आणि स्वतः पालथा पड. बघू दे तुलाही धूळ.

तिसरी ता. क. काल संध्याकाळी नानांची पॅन्ट कमरेत एक बोट सोडावी लागली. आत माया ठेवली होती म्हणून सोडता आली, तेव्हा त्या बाबतीत पुन्हा हसलास तर याद राख. आज सकाळी त्यांनी सूटकेस उघडली, कपडे काढले नाहीत, फक्त खांबावरची जुनी पक्कड काढली आणि खणात, मी अंथरलेल्या कागदावर ठेवली. नटासाठी असावी. पण आज अंगठा सुजला आहे, पक्कडही धरवत नाही, आणि बारा वाजल्यापासून ते नुसते त्या स्पीकरकडे बघत बसले होते. म्हणून ते हात धुवायला गेले तेवढ्यात आजची वायर मी काढून ठेवली.